तापीकाठची तंबाखू आणि कर्काचे मूळ

सतराव्या शतकाच्या मध्यास ताव्हेर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिरा व्यापारानिमित्त हिंदुस्थानात वारंवार येत असे. सुरतेहून आग्र्याकडे जाणारी एक मोठी वाट तापीकाठच्या बऱ्हाणपुरावरून जाई. त्या वाटेने जाताना या नगरात त्याने जे पाहिले, ते त्याने आपल्या प्रवासवर्णनात नमूद करून ठेवले आहे. येथील तलम कापड इराण, तुर्कस्थान, अरबस्थान आणि पोलंडपर्यंत जात असे, हे तो सांगतो आणि त्याचे आपणांस फारसे नवल वाटत नाही. परंतु त्याच ग्रंथात दुसऱ्या एका ठिकाणी एक लहानशी नोंद आहे. बऱ्हाणपूरच्या आसपास तंबाखूचे पीक इतके उदंड येई, की एखाद्या वर्षी ते सारे काढून घेण्याची तसदीही लोक घेत नसत आणि निम्मे पीक तसेच कुजून जाई, असे त्याने लिहिले आहे.

ही नोंद वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तंबाखू ही या भूमीची वनस्पती नव्हे. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तेथून दख्खनच्या सुलतानांच्या मुलखात शिरली. ताव्हेर्नियेच्या पूर्वी जेमतेम पन्नास वर्षे, मोगल दरबारास तिचे नावदेखील नवे होते. अकबराचा पुत्र शहजादा दानियाल दख्खनच्या कारभारासाठी बऱ्हाणपुरास राहत असे. त्याच्यासाठी विजापूरच्या आदिलशहाची कन्या आणावयाची होती आणि त्या कामगिरीवर असद बेग या सरदारास धाडण्यात आले होते. विजापुरात असद बेगाने तंबाखू पाहिली. अशी वस्तू आपण हिंदुस्थानात कोठे पाहिली नव्हती, असे तो म्हणतो. थोडी तंबाखू आणि एक नक्षीदार नळी घेऊन तो १६०४-०५ च्या सुमारास परतला व इतर नजराण्यांबरोबर त्याने ती अकबरापुढे ठेवली.

बादशहाने कुतूहलाने दोनचार झुरके घेतले. दरबारी हकीम मात्र अस्वस्थ झाला. ही वस्तू अज्ञात आहे, आपल्या पूर्वाचार्यांच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, अनुभव घेतल्यावाचून केवळ परक्यांच्या अनुकरणाने ती स्वीकारू नये, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर असद बेगाने उत्तर दिले, की जगातली प्रत्येक रूढी कधी ना कधी नवीच असते. बादशहाला हा युक्तिवाद फार आवडला. अकबराने स्वतः ते व्यसन धरले नाही. परंतु उमरावांनी ते उचलले, व्यापाऱ्यांनी माल आणला आणि हकीम वादात हरला. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूस बंदी केली, पण तोवर उशीर झाला होता. ताव्हेर्नियेने पाहिलेली बऱ्हाणपूरची शेते ही त्या पराभवाचीच साक्ष होय.

हकिमाने मागितलेला अनुभव यावयास पुढे सुमारे साडेतीनशे वर्षे लागली. त्या अनुभवाची, आणि त्यातून निघालेल्या एका नव्या कल्पनेची हकीकत आज सांगावयाची आहे. अन्ननलिकेत वाढणाऱ्या कर्काच्या गाठीतील सर्व पेशी सारख्या नसतात, त्यांपैकी काही थोड्याच पेशी त्या गाठीचे मूळ असतात, अशी ही कल्पना आहे. तिचे शास्त्रीय नाव ‘कर्क-मूलपेशी’ असे आहे. अंतिम निर्णय अद्याप झालेला नाही. परंतु बऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ या टापूतून भुसावळमार्गे मुंबईची गाडी धरून परळच्या रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. ‘शस्त्रक्रिया झाली, गाठ काढली, मग रोग परत का आला?’ हा त्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर या कल्पनेत दडलेले असण्याचा संभव आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी होय. तिच्या आतल्या बाजूस चपट्या पेशींचे अनेक पदरी अस्तर असते. ही नळी लवचिक असल्यामुळे आत गाठ वाढू लागली तरी बराच काळ घास उतरत राहतो. प्रथम कोरडी भाकरी अडते, मग भात अडतो, मग पातळ पेज, आणि शेवटी पाण्याचा घोटदेखील उतरेनासा होतो. भाकरी अडू लागते तोवर पुष्कळदा रोग फार पुढे गेलेला असतो. शिवाय उदरातील इतर आतड्यांस जसे बाहेरून एक पातळ आवरण असते, तसे या नळीच्या बहुतेक भागास नसते. त्यामुळे शेजारच्या श्वासनलिकेत किंवा रक्तवाहिन्यांत शिरकाव करण्यास रोगास फारशी आडकाठी होत नाही.

या रोगाचे मुख्य प्रकार दोन. पाश्चात्त्य देशांत नळीच्या खालच्या टोकास, जठरातील आम्लाने वारंवार पोळलेल्या जागी ग्रंथींचा कर्क होतो. आपल्याकडे मात्र मूळच्या चपट्या पेशींतून उद्भवणारा कर्कच अधिक. या दुसऱ्या प्रकाराशी तंबाखू, सुपारी आणि मद्य यांचे नाते अगदी जवळचे आहे. विडीचा धूर, तंबाखूचा गिळलेला रस आणि सुपारीचा चोथा याच वाटेने खाली जातात. ६५ अंशांहून अधिक उष्ण पेय पिण्याची सवयही अन्ननलिकेच्या कर्कास बहुधा कारणीभूत होते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्क-संशोधन संस्थेने २०१६ मध्ये काढला. चहा बशीत ओतून पिणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांस त्याचे कारण कोणी सांगितले नव्हते, परंतु त्यांची ती सवय शहाणपणाचीच म्हटली पाहिजे.

हिंदुस्थानात या नात्याचा पद्धतशीर शोध घेणाऱ्यांत पहिले मानाचे नाव डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांचे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा खानोलकरांच्या हाती आली. त्या काळी कर्करोग हा मुख्यतः सुधारलेल्या देशांचा रोग आहे, आपल्याकडे तो थोडा, असा समज विद्वानांतही होता. खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखालची पट्टी आणि रुग्णाची दिनचर्या या दोहोंचा मेळ घालून तो समज खोडून काढला. रुग्णाचा गाव कोणता, समाज कोणता, तो काय खातो, काय चघळतो, धोतर कोठे आवळतो, याची ते चौकशी करीत. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्काच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. कर्क कोठे होतो हे माणसाच्या चालीरीतींवर पुष्कळ अंशी ठरते, हा त्यांच्या कार्याचा मथितार्थ होय. अकबराच्या हकिमाने मागितलेला अनुभव येथे प्रथम मोजमापासह हाती येऊ लागला.

पुढे १९६३ मध्ये मुंबईत भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्क-नोंदवही सुरू झाली, आणि १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भागासाठी तशीच नोंदवही उघडण्यात आली. सुपारी, पान आणि तंबाखू यांचा विडा कर्कजनक आहे, हे आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८५ मध्ये मान्य केले, आणि तंबाखूवाचून नुसती सुपारीदेखील कर्कजनकच आहे, हे २००४ मध्ये जाहीर केले.

कारण कळले. परंतु कारण कळणे आणि मूळ सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तंबाखू हे कारण होय. तिच्या विषाने शरीरातील नेमकी कोणती पेशी बिघडते आणि तिचीच संतती का वाढत राहते, हा पुढचा प्रश्न.

गाठ काढली तरी ती पुन्हा येते, हे आपल्या पूर्वजांस चांगले ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अर्बुदांवरील शस्त्रकर्म सांगताना ग्रंथकार बजावतो, की अर्बुदाचा थोडाही अंश मागे राहिला तर ते पुन्हा उत्पन्न होते, आणि विझवावयाच्या राहिलेल्या अग्नीप्रमाणे रोग्याचा नाश करते. म्हणून ते निःशेष काढावे. निरीक्षण अचूक आहे. मात्र मागे राहिलेला कोणताही अंश पुन्हा पेटतो, की त्यातील विशिष्ट ठिणगीच पेटते, हे सांगण्यास पेशी म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते.

ते ज्ञान एकोणिसाव्या शतकात आले. प्रत्येक पेशी ही दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते, हा सिद्धांत जर्मनीतील रूडॉल्फ फिर्खो याने १८५५ च्या सुमारास मांडला. त्याचाच शिष्य युलियस कोनहाइम याने १८७० नंतरच्या दशकात असे सुचविले, की गर्भावस्थेत वापरावाचून उरलेल्या काही पेशी शरीरात झोपी गेल्यासारख्या राहतात आणि पुढे त्यांच्यातून अर्बुदे उपजतात. त्याच्या मताचा तपशील टिकला नाही. परंतु गाठीचा उगम साऱ्या पेशींत नसून वाढीची मूळ शक्ती राखून असलेल्या थोड्या पेशींत असावा, हे बीज त्याने पेरले.

हे बीज रुजावयास पेशी शरीराबाहेर वाढविण्याची विद्या साध्य व्हावी लागली. महाराष्ट्रात ही विद्या आणण्याचे श्रेय डॉक्टर कमल रणदिवे यांजकडे जाते. त्यांचा जन्म पुण्यात १९१७ मध्ये झाला. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले. मानवी कर्कपेशींचा पहिला अखंड वाढणारा वंश १९५१ मध्ये ज्या प्रयोगशाळेत तयार झाला, ती हीच. मायदेशी परतल्यावर त्यांनी परळच्या भारतीय कर्क संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढविता आल्या, म्हणजे मग कोणती पेशी किती काळ विभागते आणि कोणती थकून थांबते, हे डोळ्यांनी पाहता येते.

याच सुमारास कॅनडात टोरॉन्टो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मक्युलॉक हे दोघे किरणोत्साराचा रक्तावरील परिणाम अभ्यासीत होते. किरणांनी ज्यांचा अस्थिमगज नष्ट केला आहे अशा उंदरांस त्यांनी निरोगी मगजाच्या पेशी टोचल्या. काही दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी दिसू लागल्या. १९६१ मध्ये त्यांनी दाखविले, की टोचलेल्या पेशींच्या प्रमाणात या गाठींची संख्या वाढते; आणि लवकरच असे सिद्ध झाले, की प्रत्येक गाठ ही एकाच पेशीची संतती आहे. त्या एका पेशीत स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करण्याचे आणि त्याच वेळी विविध रक्तपेशींस जन्म देण्याचे, असे दुहेरी सामर्थ्य होते. हिलाच मूलपेशी म्हणतात. शरीरातील बहुतेक पेशी आपले नेमून दिलेले काम करून मरतात. मूलपेशी मात्र घराण्याचा वंश पुढे चालविते.

रक्ताचे घराणे जर असे चालते, तर कर्काचेही तसेच चालत असेल काय? १९६४ मध्ये अमेरिकेत क्लाइनस्मिथ आणि पिअर्स यांनी उंदरातील एका विशेष अर्बुदाची एकएक पेशी सुटी करून निरनिराळ्या उंदरांत रोवली. काही एकुलत्या पेशींपासून समग्र अर्बुद पुन्हा तयार झाले, आणि त्यात नाना प्रकारच्या ऊती होत्या. कर्काच्या गाठीतही वडील आणि वंशज असतात, याचा तो पुरावा होता. मानवी रोगात हे दाखविण्यास आणखी तीस वर्षे लागली. १९९४ आणि १९९७ मध्ये टोरॉन्टो येथील जॉन डिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र रक्तकर्काच्या रुग्णांतील पेशी प्रतिकारशक्तीहीन उंदरांत घातल्या. रोग नव्याने उत्पन्न करण्याचे सामर्थ्य सुमारे अडीच लाख पेशींत एकीत आढळले. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील मायकेल क्लार्क यांच्या गटाने स्तनाच्या कर्काविषयी असेच सांगितले. पृष्ठभागावरील विशिष्ट खुणांनी निवडलेल्या अवघ्या १०० पेशींनी उंदरात गाठ निर्माण केली, तर इतर हजारो पेशींना ते जमले नाही.

या शोधात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्यास गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथील शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बीजांडकोशाच्या प्रगत कर्काने आजारी असलेल्या एका स्त्रीच्या पोटात साठलेल्या पाण्यातून पेशी मिळविल्या, त्यांची कुळे वेगवेगळी वाढविली, आणि त्यांपैकी अर्बुद निर्माण करणारे, मूलपेशींचे गुण बाळगणारे कूळ ओळखले. त्या रोगातील मूलपेशींविषयी जगात झालेल्या आरंभीच्या कार्यांत याची गणना होते. कमलाबाईंनी परळला जी विद्या रुजविली, तिचेच हे पुढच्या पिढीतील फळ म्हणता येईल.

आता पुन्हा अन्ननलिकेकडे वळू. तिच्या अस्तराची रचना एखाद्या पिकाऊ शेतासारखी असते. सर्वांत खालच्या थरातील पेशी विभागतात; त्यांची पिल्ले हळूहळू वर सरकतात, चपटी होतात, आणि शेवटी गळून घासाबरोबर खाली जातात. वरची पेशी तंबाखूच्या रसाने पोळली तरी फारसे बिघडत नाही, कारण ती लवकरच गळणार असते. परंतु विष झिरपत तळच्या थरास पोचले आणि तेथील पेशीच्या जनुकांत दोष उत्पन्न झाला, तर तो दोष टिकतो. कारण ती पेशी टिकते आणि आपला वारसा मागे ठेवते. कर्काचे मूळ टिकाऊ पेशीतच का शोधावयाचे, याचे हे साधे कारण आहे.

२००९ नंतर चीन व हाँगकाँग येथील प्रयोगशाळांनी अन्ननलिकेच्या कर्कातून अशा मूळ पेशी वेगळ्या काढण्याचे प्रयत्न केले. पेशींच्या पृष्ठभागावरील पी-७५, सीडी-४४ आणि सीडी-९० या नावांच्या प्रथिनांचा त्यांनी ओळखचिन्हे म्हणून उपयोग केला. २०१३ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले, की सीडी-९० हे चिन्ह धारण करणाऱ्या थोड्या पेशींत गाठ निर्माण करण्याची आणि दूरवर पसरण्याची शक्ती अधिक असते. अशा पेशींचे आणखी काही गुण आढळले आहेत. त्यांतील कित्येक सावकाश विभागतात, आणि बहुतेक औषधे तर भराभर विभागणाऱ्या पेशींवरच घाव घालतात. काहींच्या अंगी औषध बाहेर फेकणारे पंप असतात. काहींमध्ये विषाचा निचरा करणारी विकरे मुबलक असतात. म्हणजे औषधाचा व किरणांचा मारा होतो, गाठीचा मोठा भाग वितळतो, आणि नेमक्या मूळ पेशी मात्र तग धरून राहतात.

शेतकऱ्यास हे समजावयास अवघड नाही. लव्हाळ्याची पाती कितीही खुरपली, तरी मातीखालच्या गाठी राहिल्या म्हणजे पहिल्या पावसाबरोबर तो पुन्हा वर येतो. २०१२ मध्ये नेदरलंडमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी औषधे व किरण दिल्यास रुग्णांचे मध्यम आयुर्मान सुमारे २४ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर जाते, असे तीत आढळले. चपट्या पेशींच्या कर्काच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत काढलेल्या नळीत कर्काचा मागमूसही उरला नव्हता. ही प्रगती लहान नव्हे. तरीदेखील त्यांतील काहींना रोग पुन्हा जडलाच. सुश्रुताचा अग्नी अजून कोठे तरी धुमसत असतो.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. कल्पना सुंदर आहे म्हणून ती सर्वत्र खरी मानणे हे शास्त्र नव्हे. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठातच शॉन मॉरिसन यांच्या गटाने त्वचेच्या कृष्णकर्काची परीक्षा अधिक अनुकूल उंदरांत केली. तेव्हा सुमारे चार पेशींत एक पेशी गाठ निर्माण करू शकते, असे दिसून आले. अर्थात, मूलपेशी दुर्मिळ भासतात त्या कधी कधी आपल्या परीक्षेच्या दोषामुळे. दुसरी अडचण याहून खोल आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदराच्या निरोगी अन्ननलिकेविषयी असे दाखविले, की तळच्या थरात राखीव मूलपेशींचा निराळा वर्ग आढळत नाही. तेथील विभागणाऱ्या पेशी एकाच दर्जाच्या असतात, आणि जखम झाली म्हणजे त्याच आपली चाल बदलून ती भरून काढतात. शिवाय कर्काच्या सामान्य पेशीदेखील प्रसंगी मूलपेशींचे गुण धारण करतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. मग मूलपेशी ही जात समजावयाची, की अवस्था? या प्रश्नावर अद्याप विद्वानांचे एकमत नाही, आणि अन्ननलिकेच्या बाबतीत केवळ या पेशींस लक्ष्य करणारे औषध रुग्णाच्या शय्येपर्यंत पोचलेले नाही.

परंतु याच वादातून एक निष्कर्ष असा निघाला, की जो प्रत्येक घरी सांगण्याजोगा आहे. २०१८ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी निरोगी माणसांच्या अन्ननलिकेचे लहान लहान तुकडे तपासले. मध्यम वयापर्यंत तेथील निम्म्याहून अधिक अस्तर जनुकदोष असलेल्या पेशींच्या वसाहतींनी व्यापलेले असते, असे त्यांस आढळले. ही माणसे रोगी नव्हती. म्हणजे वयोमानाने प्रत्येकाच्या तळथरात अशी दोषयुक्त कुळे वाढतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती निरुपद्रवी राहतात. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, जपानमधील क्योटो येथील गटाने दाखविले, की अतिमद्यपान आणि धूम्रपान करणाऱ्यांत या कुळांची वाढ विशेष वेगाने होते, आणि कर्कास जवळची अशी कुळे त्यांच्यात अधिक दिसतात. बीज सर्वांच्याच शेतात पडते. त्यास खतपाणी घालण्याचे काम व्यसन करते. अकबराच्या हकिमाला जे सिद्ध करता आले नव्हते, ते पेशी-पेशीच्या साक्षीने सिद्ध झाले.

बऱ्हाणपुरास जाणारे प्रवासी तेथील कुंडी भंडारा आवर्जून पाहतात. अब्दुर्रहीम खानखानान येथे सुभेदार असताना १६१५ मध्ये बांधलेली ही भूमिगत पाण्याची योजना होय. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणलेले असून त्या मार्गावर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडे, खोदलेली आहेत. एखाद्या कुंडीतील पाणी कितीही उपसले तरी ती कोरडी पडत नाही, कारण झरा तेथे नाहीच. तो दूर डोंगरात, दृष्टीआड आहे. कर्काच्या गाठीचेही असेच असावे, अशी मूलपेशींची कल्पना सांगते. आपण उपसतो ती कुंडी. झरा कोठे आहे याचा शोध पुणे, टोरॉन्टो, हाँगकाँग येथे चालू आहे, आणि तो एक दिवस लागेल अशी आशा बाळगण्यास जागा आहे.

तोपर्यंत काय करावे? येथे इतिहासाचा उपयोग होतो. ज्या प्रांतात ही तंबाखू एके काळी शेतात कुजण्याइतकी पिकत होती, त्याच मध्यप्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घालण्यात देशात पुढाकार घेतला. महाराष्ट्राने त्याच वर्षी त्याचे अनुकरण केले. जहांगीराच्या बंदीचे काय झाले हे आपण जाणतो. फर्मान निघाल्याने व्यसन सुटत नाही. ते सोडणाऱ्याने सोडावे लागते. तंबाखू सोडल्यावर अन्ननलिकेच्या कर्काचा धोका एकदम नाहीसा होत नाही, पण वर्षागणिक तो उतरत जातो. ज्या घरात एखाद्यास घास गिळताना अडखळते, त्या घराने ‘भाकरी कोरडी होती’ असे म्हणून महिना घालवू नये. पंधरा दिवसांत ते थांबले नाही तर दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. गाठ लहान असताना ती निःशेष काढण्याची सुश्रुताची आज्ञा आजच्या शस्त्रवैद्यास पाळता येते. ती नळीबाहेर पसरल्यावर मात्र फार थोड्या वेळा पाळता येते.

मूलपेशीचा शोध लागेपर्यंत, त्या पेशीस बिघडविणारे विष तोंडात न घालणे एवढे एक औषध आपल्या हाती आहे. चारशे वर्षांपूर्वी एका दरबारात ते सुचविले गेले होते, आणि तेव्हा कोणी ते ऐकले नाही. आज त्या हकिमाच्या बाजूने पुरावा उभा आहे. ऐकावे की नाही, एवढेच आपण ठरवावयाचे आहे.